पर्सिपुरा जयापुरा : खेळलेले आणि न खेळलेले सामने

कोणत्याही संस्थेच्या इतिहासात अध्यक्षांची एक यादी असते. छायाचित्रांसकट ती पहिल्या पानावर छापली जाते आणि सहसा कोणी वाचत नाही. पर्सिपुरा जयापुरा या इंडोनेशियातल्या फुटबॉल क्लबाची यादी मात्र वाचण्यासारखी आहे, कारण क्लब उभा कशावर होता हे तिच्यातूनच कळते. एम. आर. कांबू जयापुराचे महापौर होते तेव्हा क्लबाचे अध्यक्षही तेच होते. २०११ मध्ये बेनहूर तोमी मानो महापौर झाले आणि क्लबाची सूत्रेही त्यांच्या हाती गेली. शहराचा कारभार पाहणाराच संघाचाही कारभारी.

हे एकट्या जयापुराचे वैशिष्ट्य नव्हे. इंडोनेशियात ‘पर्सेरिकातान’ नावाची जुनी स्पर्धा होती. तिच्यात क्लब खेळत नसत, शहरे खेळत. प्रत्येक शहराची एक फुटबॉल संघटना, तिच्या पोटात गल्लीबोळांतले छोटे संघ, त्यांतून निवडलेला शहराचा संघ, आणि डोक्यावर महापौर किंवा जिल्हाप्रमुख. खर्च सरकारी अंदाजपत्रकातून. नावांच्या सुरुवातीला दिसणारे ‘पर्सि’, ‘पर्से’, ‘पर्सा’ हे त्या काळाचेच अवशेष. १९९४ मध्ये ही स्पर्धा आणि खासगी मालकांच्या संघांची ‘गालातामा’ एकत्र करून राष्ट्रीय साखळी सुरू झाली. कागदोपत्री सगळे व्यावसायिक झाले, तिजोरीची किल्ली मात्र होती तिथेच राहिली.

जयापुरा हे पापुआ प्रांताचे मुख्य शहर. जकार्तापासून साडेतीन हजार किलोमीटरांहून दूर, घड्याळ दोन तास पुढे, आणि पापुआ न्यू गिनीची हद्द अगदी जवळ. एका बाजूला समुद्र, मागे डोंगर, आणि त्यांच्या बेचक्यात वस्ती. डचांच्या काळात या शहराचे नाव होलांडिया होते. १ मे १९६३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या तात्पुरत्या प्रशासनाकडून हा सगळा प्रदेश इंडोनेशियाच्या ताब्यात आला आणि त्याच वर्षी पर्सिपुराची स्थापना झाली. या जोडीकडे योगायोग म्हणून पाहून चालणार नाही. नव्या सत्तेला नव्या प्रांतात आपली माणसे दिसायला हवी होती, आणि इथल्या पोरांना चेंडू हवा होता. दोघांचे भागले. पापुआ आणि जकार्ता यांचे संबंध पुढची साठ वर्षे कधीच सरळ राहिले नाहीत. पण या संघाच्या लाल-काळ्या पट्ट्यांच्या जर्सीवर दोन्ही बाजूंनी हक्क सांगितला.

पहिली मोठी दाद मिळाली ती १९७६ साली. राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या नावाच्या चषकाच्या अंतिम सामन्यात पर्सिपुराने जकार्ताच्या पर्सिजाला ४–३ असे हरवले, तेही जकार्तात सेनायानच्या मैदानावर. तिमो कापिसा, योहानेस औरी, याकोबस मोबिलाला ही त्या संघातली नावे. राजधानीने पापुआचा खेळ पाहिला तो तेव्हा. आखूड पास, अचानक बदलणारा वेग आणि चेंडू पायाला चिकटल्यासारखी धाव. ‘मुतियारा हितम’, म्हणजे काळा मोती, हे बिरुद या संघाला असे चिकटले की आज नावाआधी तेच घेतले जाते. चार वर्षांनी, १९८० च्या पर्सेरिकातानच्या अंतिम सामन्यात मात्र पर्सिपुरा १–३ असा हरला. जिंकणारा संघ होता आचे प्रांतातला पर्सिराजा. देशाच्या अगदी पश्चिम टोकाने पूर्व टोकाला हरवले होते. पर्सिराजाचे नाव या इतिहासात पुन्हा एकदा येणार आहे.

त्यानंतरची वीसेक वर्षे झटपट उरकावी अशीच आहेत. खेळाडू येत राहिले, राष्ट्रीय संघात जात राहिले, चषक मात्र येईना.

२००४ मध्ये पालेंबांगला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या आणि फुटबॉलचे सुवर्णपदक पापुआ व पूर्व जावा यांना विभागून मिळाले. पापुआच्या त्या संघात सोरोंग शहरातला अठरा वर्षांचा एक पोरगा होता, बोआझ सोलोसा. राष्ट्रीय प्रशिक्षक पीटर विथ यांनी त्याला थेट आग्नेय आशियाई स्पर्धेत उतरवले, आणि महिन्याभरात सगळा देश त्याला पहिल्या नावाने ओळखू लागला. पुढच्या वर्षी तो पर्सिपुराकडून खेळत होता. कर्णधार एदुआर्द इवाकदलम, प्रशिक्षक रहमद दरमावन. २५ सप्टेंबर २००५ रोजी राष्ट्रीय साखळीचा अंतिम सामना जकार्तात झाला. समोर पुन्हा पर्सिजा, मैदान पुन्हा तेच, फक्त त्याला आता पहिल्या राष्ट्राध्यक्षांचे, बुंग कार्नोंचे, नाव होते. निर्धारित वेळेत २–२. जादा वेळेत इयान लुई काबेसने तिसरा गोल केला आणि चषक पहिल्यांदा पापुआत गेला. राजधानीच्या प्रेक्षकांसमोर राजधानीलाच हरवायचे, हे एकोणतीस वर्षांत दुसऱ्यांदा घडले होते.

खरा सुवर्णकाळ मात्र जॅकसेन तियागो या ब्राझिलियन माणसाचा. खेळाडू म्हणून तो इंडोनेशियात आधीच गाजलेला, सुराबायाच्या पर्सेबायाला विजेतेपद मिळवून देणारा. पापुआच्या खेळाडूंना शिस्त नाही, ही जावातली आवडती तक्रार. जॅकसेनने तिला उत्तर दिले ते नियम लादून नव्हे. पोरांच्या पायांत जे होते ते त्याने तसेच राहू दिले आणि मागे मजबूत माणसे उभी केली. कॅमेरूनचा बिओ पाउलिन आणि नायजेरियाचा व्हिक्टर इग्बोनेफो हे बचावपटू इतकी वर्षे इथे राहिले की दोघेही पुढे इंडोनेशियाचे नागरिक झाले. आघाडीला बोआझ, मध्यात इमान्युएल वांगाई, बचावात रिकार्डो सालाम्पेसी. या माणसांनी २००८–०९, २०१०–११ आणि २०१३ अशी तीन विजेतेपदे मिळवली. तिन्ही मोसमांत सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत बोआझचे नाव सगळ्यात वर होते, पहिल्या वेळी ते दुसऱ्या एकाबरोबर विभागून. २००५ चे धरून चार. पाच वर्षांत तीनदा देश जिंकणारा दुसरा संघ त्या काळात इंडोनेशियात नव्हता.

स्मरणिकेत सहसा इथे थांबतात. पुढे सत्कार, गटछायाचित्र आणि देणगीदारांचे आभार. पण जे सामने पर्सिपुरा खेळला नाही, ते मांडल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

पहिला २८ जून २००९ चा. साखळी नुकतीच जिंकलेली, आता कोपा इंडोनेशियाचा अंतिम सामना. प्रतिस्पर्धी पालेंबांगचा श्रीविजया, आणि मैदानही श्रीविजयाचेच. अंतिम सामना एका संघाच्या अंगणात ठेवण्याचा निर्णय कोणी आणि का घेतला, हा प्रश्न रास्तच होता. पर्सिपुरा एका गोलाने मागे होता. दुसऱ्या अर्धात श्रीविजयाच्या गोलक्षेत्रात चेंडू बचावपटूच्या हाताला लागला असे पर्सिपुराच्या खेळाडूंचे म्हणणे होते. पंचांनी पेनल्टी दिली नाही. हुज्जत झाली, आणि मग सगळा संघ मैदान सोडून बाहेर गेला तो परत आलाच नाही. चषक श्रीविजयाला बहाल झाला. जयापुरात खेळाडूंना दोष देणारे फार थोडे निघाले. परक्या मैदानांवर प्रेक्षकांकडून माकडांचे आवाज ऐकत खेळणाऱ्या पोरांनी एकदा चिडून पाठ फिरवली, तर त्यामागचे कारण समजते. तरीही मला वाटते की त्या दिवशी क्लबाच्या हाती एक वाईट हत्यार लागले. ‘आम्ही खेळत नाही’ असे म्हणता येते आणि तरी दुसऱ्या वर्षी आपण तेवढेच मोठे राहतो, असा समज कार्यकारिणीत रुजला.

दुसऱ्या प्रसंगी खेळायला मिळावे म्हणून क्लबाला कोर्टाची पायरी चढावी लागली. २०११ च्या अखेरीस देशात दोन साखळ्या झाल्या. फुटबॉल महासंघाची मान्यता एका साखळीला, आणि बहुतेक मोठे संघ दुसरीत. पर्सिपुरा दुसरीत राहिला, म्हणून विजेता असूनही आशियाई चॅम्पियन्स लीगमधून त्याचे नाव कापले गेले. क्लब स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे गेला. लवादाने अंतरिम आदेश देऊन त्याला पात्रता सामन्यात घ्यायला लावले. फेब्रुवारी २०१२ मध्ये संघ ऑस्ट्रेलियात ॲडलेडला गेला आणि ०–३ हरून आला. निकालापेक्षा खटला महत्त्वाचा. पापुआतला एक क्लब लोझानमध्ये वकील उभा करतो आणि जिंकतो, एवढी तेव्हा त्याची ऐपत होती, आणि रगही.

ही ऐपत आली कुठून? इथे पुन्हा अध्यक्षांच्या यादीकडे यावे लागते. २०११ मध्ये गृहमंत्रालयाने नियम काढला की व्यावसायिक क्लबांना प्रादेशिक अंदाजपत्रकातून पैसा द्यायचा नाही. देशभर शहरी संघांची दाणादाण उडाली, कित्येक संघांनी महिनोन्‌महिने पगार थकवले. पर्सिपुराने हा धक्का पचवला, कारण त्याच्या जर्सीवर बँक पापुआ आणि फ्रीपोर्ट इंडोनेशिया ही दोन नावे होती. एक प्रांताची सरकारी बँक, दुसरी पापुआच्या डोंगरांतून तांबे आणि सोने काढणारी कंपनी. क्लब आता सरकारी पैशावर चालत नाही असे म्हणायला जागा झाली. बारकाईने पाहिले तर पैसा फक्त दोन पावले दुरून येऊ लागला होता. तिकिटे, जर्सीविक्री, सभासद, युवा अकादमी, असे स्वतःचे काही त्या चांगल्या दिवसांत फारसे उभे राहिलेच नाही. भाड्याच्या घराला सोन्याचा कळस चढवावा, तशी ती चार विजेतेपदे.

२०१४ हे वर्ष शिखराचेही आणि उताराचेही. त्या वर्षी आशियाई क्लबांच्या एएफसी चषकाच्या गटात पर्सिपुराबरोबर गोव्याचा चर्चिल ब्रदर्स होता, म्हणजे मडगावच्या फुटबॉलवेड्यांना मुतियारा हितम हे नाव तेव्हापासून माहीत असायला हरकत नाही. पुढच्या वर्षीच्या गटात बंगळुरू एफसी आला. पण २०१४ ची खरी गोष्ट उपांत्यपूर्व फेरीची. समोर कुवेत एससी, लागोपाठ दोन वर्षांचा विजेता. कुवेतमधला पहिला सामना पर्सिपुरा २–३ हरला. परतीचा सामना ऑगस्टच्या अखेरीस जयापुराच्या मांडाला मैदानावर.

मांडाला हे डोक पाच या भागातले, समुद्राला लागून असलेले मैदान. विषुववृत्ताच्या जवळ, हवेत खारट दमटपणा, आणि सामने दुपारी. पाहुण्या संघाने आधी जकार्ता गाठायचे, तिथून रात्रीच्या विमानात पाच तास, मग सेंतानीच्या विमानतळावरून तळ्याच्या काठाने शहरात. बाहेर रस्त्याकडेला सुपारी, चुना आणि नागवेलीच्या शेंगा घेऊन बसलेल्या बाया. आत पहिल्या शिटीपासून लाल-काळे पट्टे अंगावर चालून येणार. चषकाचा गतविजेता त्या दुपारी ६–१ असा हरला. पर्सिपुराच्या इतिहासातला परदेशी संघावरचा सर्वांत मोठ्या मानाचा विजय हाच, असे माझे मत.

मग उपांत्य फेरी. पुन्हा कुवेतचाच संघ, अल कादसिया. तिथे २–४ हार. लोक म्हणाले, हरकत नाही, परतीचा सामना मांडालाला आहे. मांडालावर अल कादसियाने सहा गोल केले आणि पर्सिपुराला एकही करता आला नाही. घरचे मैदान, हवा, प्रवास या सगळ्यांवर टाकलेला भरवसा एका संध्याकाळी उतरला. नोव्हेंबरमध्ये देशाच्या साखळीचा अंतिम सामना बांडुंगच्या पर्सिबशी, आणि मैदान कोणते, तर पालेंबांगचे तेच. पर्सिपुरा पिछाडीवर असताना बोआझने बरोबरी साधली, २–२. पेनल्ट्यांमध्ये नेल्सन आलोमचा फटका गोलरक्षकाने अडवला आणि पर्सिब ५–३ असा जिंकला. या वेळी संघ शेवटपर्यंत मैदानावर होता, हेही नोंदवून ठेवायला हवे.

तिसरा प्रसंग मे २०१५ मधल्या न खेळलेल्या सामन्याचा, आणि त्यात पर्सिपुराची काहीच चूक नव्हती. एएफसी चषकाची बाद फेरी, मलेशियाचा पाहांग संघ जयापुराला यायचा. त्यांच्या परदेशी खेळाडूंना व्हिसाच्या कारणावरून इंडोनेशियात प्रवेश नाकारला गेला. सामना झालाच नाही. आशियाई महासंघाने यजमानांना जबाबदार धरून पाहांगला ३–० विजयी ठरवले. चूक सरकारी खिडकीवरची, शिक्षा संघाला. त्याच महिन्याच्या शेवटी फिफाने इंडोनेशियालाच निलंबित केले, कारण सरकार महासंघाच्या कारभारात हात घालत होते. वर्षभर अधिकृत फुटबॉल बंद. बंदी उठली त्या २०१६ साली एक बदली स्पर्धा झाली, तिच्यात पर्सिपुरा अल्फ्रेडो व्हेरा या अर्जेंटिनाच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली पहिला आला. अधिकृत विजेतेपदांच्या गणतीत ती धरत नाहीत. जयापुरातली माणसे धरतात.

नंतरची घसरण एकदम दिसली नाही. २०१८ मध्ये संघ तक्त्याच्या खालच्या अर्ध्यात. २०१९ मध्ये मांडालाचे नूतनीकरण सुरू, त्यातच ऑगस्टमध्ये सुराबायातल्या पापुआन विद्यार्थ्यांना वंशवाचक शिवीगाळ झाल्यावर जयापुरा पेटले. संघाने घरचे सामने जावातल्या सिदोआर्जोला खेळले आणि जॅकसेन परत आल्यावर मोसमाअखेर तिसरा क्रमांक गाठला. म्हणून ‘घर सुटले आणि संघ बुडाला’ हे सोपे उत्तर मला पटत नाही. एक मोसम घराबाहेर काढता येतो, जर आत माणसे एक असतील आणि पगार वेळेवर होत असतील.

२०२१ मध्ये या दोन्ही गोष्टी उरल्या नाहीत. करोनाने स्पर्धा दीड वर्ष ठप्प होती, प्रायोजकांचे पैसे आटले, संघ मध्येच विखुरला. जुलैमध्ये क्लबाने शिस्तभंगाचे कारण देऊन बोआझला आणि त्याच्यासोबत तिनुस पाए याला काढून टाकले. सोळा वर्षे ज्या माणसाभोवती सगळे फिरले, त्याला मोसम तोंडावर असताना नारळ. शिस्तीचा मुद्दा खराही असेल. पण त्याच्या जागी कोण, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. ऑगस्टमध्ये साखळी सुरू झाली ती बंदिस्त पद्धतीने, आधी जावात, मग बालीत, प्रेक्षकांविना. संघ हरत राहिला. हंगाम अर्ध्यात असताना जॅकसेनलाही घालवले आणि व्हेराला परत बोलावले.

आणि मग तो चौथा प्रसंग. २१ फेब्रुवारी २०२२, बालीत, मदुरा युनायटेडविरुद्ध. संघात करोनाची लागण होती, खेळण्याजोगी माणसे पुरेशी नाहीत असे क्लबाचे म्हणणे. आयोजकांनी सामना पुढे ढकलला नाही. पर्सिपुरा मैदानावर उतरलाच नाही. सामना ०–३ गमावलेला धरला गेला, आणि शिस्तपालन समितीने वर आणखी ३ गुण कापले. २००९ च्या पालेंबांगमध्ये गेला होता एक चषक. या वेळी काय गेले ते कळायला पाच आठवडे लागले.

३१ मार्च, शेवटचा दिवस. पर्सिपुराने पर्सिताला ३–० हरवून आपले काम केले. दुसऱ्या मैदानावर बारितो पुतेरा पर्सिबकडून हरला असता तर पर्सिपुरा वाचत होता. तिथे १–१ बरोबरी झाली. दोघांचे गुण ३६–३६, आणि आपसांतल्या सामन्यांच्या निकषावर बारितो वर. ते ३ गुण कापले नसते तर पर्सिपुराचे ३९ झाले असते. बरोबरीच्या त्या निकालाबद्दल क्लबाने तक्रार केली, निष्पन्न काही झाले नाही. राष्ट्रीय साखळी सुरू झाल्यापासून चार वेळचा हा विजेता पहिल्यांदाच वरच्या श्रेणीतून खाली गेला. त्याच्यासोबत खाली जाणाऱ्या दोन संघांत एक होता आचेचा पर्सिराजा, १९८० च्या अंतिम सामन्यातला.

खाली गेलेल्या संघाने एका मोसमात परत यावे, अशी अपेक्षा असते. पर्सिपुराला तो मोसमही पुरा मिळाला नाही. १ ऑक्टोबर २०२२ रोजी मलांगच्या कांजुरुहान मैदानावर चेंगराचेंगरीत १३५ माणसे गेली. सगळे फुटबॉल थांबले. वरची साखळी पुढे सुरू झाली, दुसरी श्रेणी अर्ध्यातच रद्द करण्यात आली. बढती कोणालाच नाही. क्लबाचा कारभार पाहणाऱ्या महापौर मानो यांची मुदतही त्याआधीच संपली होती. पुढच्या दोन मोसमांत संघ झगडला तो वर जाण्यासाठी नव्हे, तिसऱ्या श्रेणीत न पडण्यासाठी, आणि दोन्ही वेळा कसाबसा टिकला.

दरम्यान सेंतानीजवळ कांपुंग हारापानला चाळीस हजार प्रेक्षकांचे नवे स्टेडियम उभे राहिले होते, राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेले, तत्कालीन राज्यपाल लुकास एनेंबे यांच्या नावाचे. ज्या राज्यपालांचे नाव दिले त्यांना जानेवारी २०२३ मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपाखाली अटक झाली. वरच्या श्रेणीचा फुटबॉल त्या मैदानावर आला, पण पर्सिपुराबरोबर नाही. २०२३–२४ मध्ये बियाक बेटाचा पीएसबीएस हा संघ दुसरी श्रेणी जिंकून वर गेला आणि २०२४–२५ चे घरचे सामने त्याने एनेंबे स्टेडियमवर खेळायला सुरुवात केली. पापुआचा वरच्या साखळीतला संघ म्हणून आता त्याचे नाव घेतले जाऊ लागले, आणि पर्सिपुरा त्याच प्रांतात, एक पायरी खाली, पुढच्या मोसमासाठी प्रायोजक शोधत होता.